मळा, बाजार आणि विश्वास : हिंगोली परिसरातील माळव्याच्या थेट विक्रीचा इतिहास

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेत थोर पुरुषांची चरित्रे, गुणवंत विद्यार्थ्यांची नावे आणि समाजोन्नतीविषयीचे विचार प्रसिद्ध होतात. ते सर्व उचितच आहे. परंतु ज्या धंद्याने आपल्या पूर्वजांना त्यांचे नाव दिले, त्या धंद्याचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. राजेरजवाड्यांच्या स्वाऱ्या बखरकारांनी लिहून ठेवल्या. मेथीची जुडी मळ्यातून बाजारात कशी गेली आणि तिचे दोन पैसे कोणाच्या पदरात पडले, हे लिहिण्यास कोणी बखरकार मिळाला नाही. ती उणीव भरून काढण्याचा हा एक अल्पसा प्रयत्न आहे.

अलीकडे मोठ्या शहरांतून असा विचार बळावत आहे की, भाजीपाला ताजा असावा, रासायनिक खते व विषारी औषधे यांवाचून पिकविलेला असावा, आणि तो लहान शेतकऱ्याकडून थेट विकत घ्यावा. हा विचार नवा म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो नवा वाटत नाही. हिंगोलीसारख्या प्रदेशात पिकविणारा आणि खाणारा हे शतकानुशतके समोरासमोर उभे राहूनच व्यवहार करीत आले. मग ही रीत मोडली कशी, आणि ती पुन्हा जोडावयाची तर कोणत्या मार्गाने, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम प्रदेशाची थोडी ओळख करून घेऊ. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांचा हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. जिल्हा नवा असला तरी भूमी जुनी आहे. औंढ्याचा नागनाथ येथलाच. संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून मानली जाणारी नर्सीही येथलीच. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांच्या आश्रयाने येथे काळी जमीन पसरली आहे. या काळ्या जमिनीत जिरायती पीक मोठे, आणि विहिरीच्या पाण्यावरचा मळा लहान. ज्वारी आणि कापूस यांच्या विस्तीर्ण पट्ट्यात मोटेच्या पाण्यावर हिरवा राहिलेला अर्ध्या-एक एकराचा तुकडा, हेच आमच्या धंद्याचे खरे चित्र होय.

या तुकड्यावर जगणाऱ्या लोकांची पोटनावेसुद्धा पिकांवरून पडली आहेत. फुले लावणारे ते फुलमाळी, जिरे पिकविणारे ते जिरेमाळी, हळद लावणारे ते हळदे माळी, असा या नावांचा अर्थ जातींचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदविला आहे. पुढे याच नावांच्या भिंती झाल्या आणि त्यांनी आपसांतील बेटीव्यवहार अडविला. समाजसुधारकांनी त्या भिंती पाडण्याचा आग्रह धरला, तो योग्यच होता. परंतु इतिहासाच्या दृष्टीने ही नावे एक गोष्ट सांगतात. आपल्या पूर्वजांची ओळख ते काय पिकवितात यावरून होत असे. घेणाऱ्यास माल पिकविणाऱ्याच्या नावानिशी ठाऊक असे.

श्री सावतोबांची कथा या संदर्भात स्मरणात ठेवण्याजोगी आहे. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथे मळा करणारे सावता महाराज १२९५ साली समाधिस्त झाले. नर्सीचे नामदेव हे त्यांचे समकालीन. कथा अशी सांगतात की, विठ्ठल हा ज्ञानदेव व नामदेव यांच्यासह कूर्मदासाच्या भेटीस निघाला असता वाटेत सावतोबांच्या मळ्यात शिरला आणि त्या मळेकऱ्याच्या हृदयात लपला. सावतोबा पंढरीस गेले नाहीत. पंढरीचा राणाच मळ्यात आला. कथेचा भक्तिपर अर्थ सर्वश्रुत आहे. तिच्यातून एक व्यावहारिक बोधही घेता येतो, तो असा की, मळ्यावर राबणाऱ्यास सोडून त्याच्या श्रमाचे फळ तेवढे मिळविता येत नाही. त्याच्यापर्यंत जावे लागते.

आता जुन्या बाजाराकडे वळू. मराठवाड्यातील खेड्यांचे अर्थजीवन आठवडी बाजाराभोवती फिरत असे, आणि बऱ्याच अंशी ते आजही फिरते. पाच-सात कोसांच्या टापूतील गावांनी वार वाटून घेतलेले असत. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी मळ्यात भाजी खुडावयाची, जुड्या बांधून ओल्या फडक्यात ठेवावयाच्या, आणि पहाटे डोक्यावर पाटी घेऊन वाट धरावयाची, हे काम मुख्यतः घरातील स्त्रियांचे असे. मेथी, शेपू, चुका, अंबाडी, करडईची कोवळी भाजी, वांगी, गवार, दोडके, हिरवी मिरची आणि हंगामात वाळके, असा तो माल. पाटीमागे बसलेली बाई ती भाजी स्वतः निंदलेली, पाणी दिलेली असल्यामुळे गिऱ्हाइकाच्या प्रत्येक प्रश्नास तिच्यापाशी उत्तर असे. आज विकलेल्या कडू वाळकाचा जाब पुढील बाजारी तिलाच द्यावा लागे. मालाच्या शुद्धतेचे याहून मोठे प्रमाणपत्र कोणते असू शकेल?

त्या काळी 'सेंद्रिय' हा शब्द कोणी उच्चारला नसेल. शेणखत, लेंडीखत, उकिरड्याचे कुजलेले खत आणि धनगरांच्या मेंढ्या शेतात बसविणे, याहून दुसरे खत ठाऊकच नव्हते. म्हणजे आज जो विशेष गुण म्हणून विकला जातो, तो त्या काळी नित्याचा प्रकार होता.

परंतु भूतकाळाचे केवळ गोडवे गाणे इतिहासलेखनास शोभत नाही. त्या बाजारातही दोष होतेच. सूर्य कलू लागला की भाजीचा भाव पडे, आणि उरलेली पाटी परत वाहण्यापेक्षा मातीमोल देणे भाग पडे. मापे गावोगाव वेगळी असत. बाजाराची पट्टी वसूल करणारा ठेकेदार पैसे नसल्यास मूठभर भाजी उचलून नेई. ज्या बांधवांस अस्पृश्य मानले गेले त्यांना त्या बाजारात मोकळेपणाने विकता-घेता येत नसे, हा कलंकही लपविता येणार नाही. म्हणून आम्ही जुना बाजार जसाच्या तसा परत आणा असे म्हणत नाही. त्यातील समोरासमोरचा व्यवहार तेवढा मोलाचा होता, असे आमचे म्हणणे आहे.

निजामी राजवटीत या व्यवहारास आणखी दोन अंगे प्राप्त झाली. हिंगोली येथे हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. ती १९०३ साली मोडण्यात आली. छावणी म्हटली की रोजच्या भाजीपाल्याची गरज आलीच, आणि ही गरज भोवतालच्या मळ्यांनीच भागविली असणार, हे अनुमान सहज करता येते. दुसरे अंग सरहद्दीचे. हिंगोलीच्या उत्तरेस व पूर्वेस वऱ्हाड लागते. तिकडे इंग्रजी अंमल आणि कलदार रुपया. इकडे निजामी अंमल आणि हाली शिक्का. सात हाली रुपये म्हणजे सुमारे सहा कलदार, असा हिशेब असे. दोहोंमध्ये करोडगिरीचे नाके. शेजारच्या गावाचा बाजार हा अशा रीतीने परमुलखाचा बाजार ठरे. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरील हेच नाके स्वातंत्र्यसैनिकांच्या हल्ल्यांचे लक्ष्य झाले, यात नवल नाही. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि वऱ्हाड व मराठवाडा एका राज्यात नांदू लागले.

माळवे विकणाऱ्याच्या वाटेत कोण कोण उभे असते, याचे दर्शन महात्मा जोतीराव फुले यांनी आपल्यापूर्वी फार वर्षे घडविले होते. त्यांचे घराणे मूळचे गोऱ्हे. पुण्यात फुलांच्या व्यवसायामुळे फुले हे नाव पडले. १८८३ साली पूर्ण झालेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात त्यांनी शहरात गाडीभर माळवे आणणाऱ्या शेतकऱ्यास म्युनिसिपालिटीची जकात कशी नागविते, याचा हिशेब मांडला आहे. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे शोधताना जोतीरावांना भाजीची गाडीही विचारात घ्यावीशी वाटली, ही गोष्ट लहान नाही. मळ्यात पिकले तरी बाजारात ते हातचे जाते, हे त्यांनी ओळखले होते.

आता या कथेतील निर्णायक वळणाकडे येऊ. १८८६ साली हिंगोलीच्या शेजारी, आजच्या वाशिम जिल्ह्यातील कारंजा येथे भारतातील पहिली नियंत्रित कापूसपेठ स्थापन झाली. १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारासाठी स्वतंत्र कायदा झाला. हैदराबाद संस्थानाने १९३० साली आपला शेतमाल-बाजारविषयक कायदा केला. १९६३ साली महाराष्ट्राने संपूर्ण राज्यासाठी शेतमाल खरेदी-विक्री नियमनाचा कायदा केला, आणि त्याखाली कृषि उत्पन्न बाजार समित्यांचे जाळे पसरले. या कायद्यांनी उपकारच केले. रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे, मनमानी कडता, खोटी मापे यांस त्यांनी आळा घातला. उघड हर्राशी आणली. कापूस, धान्य आणि पुढे हळद पिकविणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा लाभ झाला.

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही सारी व्यवस्था टिकाऊ मालासाठी कल्पिलेली होती. हळदीचेच उदाहरण घ्या. वसमत आणि हिंगोली या हळदीच्या मोठ्या पेठा आहेत. २०२४ साली वसमतच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले. हळद शिजविली, वाळविली, तिला झळाळी दिली की ती महिनोन्‌महिने टिकते. आज भाव पडला तर शेतकरी पोते घरी ठेवून पुढील महिन्याची वाट पाहू शकतो. 'नाही विकत' असे म्हणण्याची शक्ती त्याच्या हाती आहे. मेथी पिकविणाऱ्याच्या हाती ती शक्ती नाही. सकाळी खुडलेली मेथी संध्याकाळी माना टाकते. पहाटेच्या बीटात अडत्याने जो भाव पुकारला तो घेतल्यावाचून त्याला गत्यंतर नसते. नाशवंत माल हाच मध्यस्थाचे खरे बळ आहे. कापसासाठी उभारलेल्या व्यवस्थेत माळवे ओढले गेले, आणि अडत, हमाली, तोलाई या सर्वांचा भार त्या एका दिवसाच्या मालावर पडला.

याचा परिणाम आकड्यांत पाहावयाचा तर तोही उपलब्ध आहे. रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, ग्राहक टोमॅटोसाठी जो एक रुपया देतो त्यातील सुमारे ३३ पैसे, कांद्याच्या रुपयातील ३६ पैसे आणि बटाट्याच्या रुपयातील ३७ पैसे शेतकऱ्याच्या पदरी पडतात. उरलेले सारे लुबाडणूक असते, असे आम्ही म्हणत नाही. वाहतूक आहे, नासाडी आहे, दुकानाचे भाडे आहे, आणि व्यापाऱ्याचे श्रमही आहेत. परंतु ज्या गावात मळा आणि स्वयंपाकघर यांमध्ये चार-पाच मैलांचेच अंतर आहे, तेथेही माल आधी मोठ्या पेठेत जाऊन तिहाइताच्या हातून परत यावा, हे समजण्यापलीकडचे आहे.

याच काळात मळाही बदलत गेला. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६८ च्या सुमारास पूर्ण झाली, आणि वसमत भागात पाटाचे पाणी खेळू लागले. मोटेची जागा इंजिनाने व विजेच्या पंपाने घेतली. संकरित बियाणे, रासायनिक खते, कीडनाशके आली. उत्पन्न वाढले, दुष्काळाचे भय ओसरले. हे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण ज्याच्यासाठी आपण पिकवितो त्याचे तोंड दिसेनासे झाले, तेव्हा कोणत्या दिवशी औषध फवारले आणि कोणत्या दिवशी भाजी खुडली, हे विचारणाराही उरला नाही. समोरासमोरचा व्यवहार तुटला, त्याबरोबर त्यातून येणारा संयमही सैल झाला. थेट विक्री आणि निर्विष शेती हे दोन प्रश्न दिसावयास वेगळे असले तरी त्यांचे मूळ एकच आहे, ते येथे दिसून येते.

या तुटलेल्या धाग्यास पुन्हा जोडण्याचे यत्न देशात अनेक ठिकाणी झाले. पंजाब व चंडीगड येथे १९८७ साली 'अपनी मंडी' सुरू झाली. जानेवारी १९९९ मध्ये आंध्र प्रदेशाने 'रयतू बाजार' उघडले, आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात तामिळनाडूने मदुराई येथून 'उळवर संदै'चा प्रारंभ केला. ज्या वर्षी हिंगोली जिल्हा जन्मास आला, त्याच वर्षी हैदराबादेत, म्हणजे आपल्या जुन्या राजधानीत, शेतकरी स्वतःच्या ओट्यावर बसून भाजी विकू लागला, हा योगायोग लक्षणीय आहे. महाराष्ट्रात २०१६ साली फळे व भाजीपाला यांस बाजार समितीच्या आवाराबाहेरील नियमनातून मुक्त करण्यात आले, आणि त्यांची अडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असे ठरले. त्याच वर्षी राज्याच्या कृषि पणन मंडळाने शेतकऱ्यांचे आठवडी बाजार भरविण्याचे अभियान हाती घेतले. त्या अभियानास 'संत शिरोमणी सावता माळी' यांचे नाव देण्यात आले. सातशे वर्षांपूर्वी मळा न सोडणाऱ्या संताच्या नावाने शासनाने थेट विक्रीचा बाजार मांडावा, हा आपल्या समाजाचा गौरव आहे. आणि तितकीच ती आपल्यावरील जबाबदारीही आहे.

सेंद्रिय मालाविषयी कायद्याने जी दृष्टी घेतली तीही बोधप्रद आहे. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या मालास प्रमाणपत्र लागते. मात्र लहान मूळ उत्पादक आपला प्रक्रिया न केलेला माल थेट खाणाऱ्यास विकत असेल, तर त्यास या प्रमाणपत्रातून सूट आहे. याचे मर्म असे की, जेथे विकणारा व घेणारा एकमेकांस ओळखतात, तेथे ओळख हाच दाखला पुरेसा मानला गेला. केंद्र सरकारच्या परंपरागत कृषि विकास योजनेत शेतकऱ्यांचे गट करून त्यांनी एकमेकांच्या शेतांची पाहणी करावी व एकमेकांची हमी द्यावी, अशी पद्धत स्वीकारली आहे. शेजाऱ्याच्या मळ्यात काय चालले आहे हे शेजाऱ्याइतके कोणास ठाऊक असणार?

दूरच्या जपानातही हाच अनुभव आला. तेथे १९७१ साली सेंद्रिय शेतीची संघटना स्थापन झाली, आणि 'तेइकेइ' नावाची रीत रुजली. शहरातील कुटुंबे एकत्र येऊन एखाद्या शेतकऱ्याशी करार करतात, तो जे पिकवील ते हंगामाप्रमाणे घेतात, आणि प्रसंगी शेतावर कामासही जातात. भावाची घासाघीस त्यांत गौण; परस्परांचा विश्वास मुख्य.

तथापि अडचणी डोळ्यांआड करून चालणार नाही. जो दिवस बाजारात जातो तो मळ्यातून वजा होतो. लहान कुटुंबात पिकविणारे, खुडणारे व विकणारे हात तेच असतात. पुष्कळदा शेतकऱ्यांसाठी म्हणून भरविलेल्या बाजारात काही महिन्यांनी व्यापारीच बसलेले दिसतात. एकाच मळ्यात बारा महिने सर्व भाज्या पिकत नाहीत, आणि गिऱ्हाइकास तर उन्हाळ्यातही कोथिंबीर हवी असते. औषधांवाचून पिकविलेले वांगे कधी किडके निघते, त्याचा आकार वेडावाकडा असतो. ते पाहून नाक मुरडणारे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी चकचकीत वांग्यांतील विषाची चर्चाही करते. हे सर्व खरे आहे. म्हणून थेट विक्री हा एकट्या शेतकऱ्याचा पराक्रम ठरू शकत नाही. त्यास घेणाऱ्याचीही साथ पाहिजे.

येथेच समाजसंस्थेचे कर्तव्य उत्पन्न होते. आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे आज मळा सोडून हिंगोली, परभणी, नांदेड येथे नोकरीत स्थिरावली आहेत. शिक्षणाने हे स्थान मिळाले, त्याचा आम्हांस अभिमान आहे. परंतु ज्यांच्या आजीने डोक्यावर पाटी वाहिली, त्यांच्याच घरी आज कोणी पिकविली हे ठाऊक नसलेली भाजी येते, आणि त्याच वेळी गावाकडील भाऊबंद बीटात पडेल तो भाव घेऊन परततो. एकाच समाजाचे हे दोन हात एकमेकांस ओळखेनासे व्हावेत, यासारखी दुःखाची गोष्ट नाही. मळ्यातील तरुण हा धंदा सोडावयास निघाला आहे, तो कष्टास कंटाळून नव्हे. आपल्या मालाचा भाव सदैव दुसऱ्याने ठरवावा, या अपमानास तो कंटाळला आहे.

यास्तव समाजबांधवांस आमची काही विनम्र सूचना आहे. विवाहसोहळे, मेळावे, पुण्यतिथी यांसारख्या प्रसंगी लागणारा भाजीपाला आगाऊ सांगून जवळच्या मळेकऱ्यांकडून घ्यावा. दहा-वीस कुटुंबांनी मिळून आठवड्याचा वार ठरवावा आणि एखाद्या मळ्याशी हंगामाची बोली करावी. पिकेल ते घ्यावे, वेळेवर रोख पैसे द्यावेत. मळेकऱ्यांनीही तीन-चार मळ्यांचा गट करून पिके वाटून घ्यावीत, म्हणजे एकाने विकावयास जावे व इतरांनी मळा पाहावा. औषध फवारले असेल तर तसे स्पष्ट सांगावे. न सांगता सेंद्रिय म्हणून विकणे म्हणजे पूर्वजांचे नाव बुडविणे होय. बाजारात पिकविणाऱ्यासाठी ओटे राखून ठेवावेत आणि ते त्याच्याच हाती राहावेत, यासाठी संस्थेने नगरपालिका व बाजार समित्यांकडे पाठपुरावा करावा. आणि या सर्व व्यवहारात जातीचा विचार मुळीच नसावा. मळा कोणाचाही असो, घाम सारखाच गळतो, आणि जोतीरावांनी आपणांस हेच शिकविले.

कायदे झाले, अडत उठली, अभियानास आपल्या संताचे नावही मिळाले. एवढे झाल्यावरही पाटीमागे कोण बसले आहे हे विचारण्याचे काम कोणताही कायदा आपल्यासाठी करू शकत नाही. येत्या बाजारच्या दिवशी भाजी घेताना प्रत्येकाने भावाच्या आधी एक प्रश्न विचारावा : 'बाई, ही भाजी कोणाच्या मळ्यातली?' ज्या दिवशी या प्रश्नाचे उत्तर 'आमच्याच' असे येऊ लागेल, त्या दिवशी आपल्या धंद्यास त्याचे नाव परत मिळाले असे आम्ही समजू.